हायटेन्शन लाइनखाली रोव्हरचा आकडा धरायचा का?

मंद्रूपकडच्या एका तरुण सर्व्हेअरचा प्रश्न आहे. एका शेताची हद्द कायम करायची आहे. शेतावरून ७६५ केव्हीची लाइन जाते. ईशान्य कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासून दहा-बारा मीटरवर, शेताच्या आतल्या बाजूला, तिचा टॉवर उभा आहे. पश्चिमेच्या बांधाने ११ केव्हीचे खांब गेलेत. लगतच्या खातेदाराने मोजणीआधीच सांगून टाकलंय, "तारेखाली तुमचं मशीन खोटं दाखवतं, ते आकडे आम्ही मानणार नाही." सर्व्हेअर विचारतात, यात तथ्य किती? आणि तारेपासून किती मीटर लांब राहायचं?

तारेतून वाहणाऱ्या विजेने रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागेचा आकडा देणारं पोलवरचं यंत्र, चुकत नाही. तो टॉवरच्या लोखंडाने चुकतो. कधी करेक्शन, म्हणजे ठरलेल्या जागी ठेवलेल्या बेस रिसीव्हरकडून मिळणारी दुरुस्ती, पोचवणाऱ्या रेडिओत खरखर शिरल्याने अडतो. आणि आपल्या भागात पुष्कळदा सूर्यास्तानंतरच्या आयनोस्फिअरमुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) बिघडतो, पण दोष जातो डोक्यावरच्या तारेला. प्रत्येक कारणावर उपाय वेगळा आहे, म्हणून "इतके मीटर लांब राहा" असा एक आकडा मी देणार नाही. कारण ओळखायचं कसं ते सांगतो.

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात टाळून चालण्यासारखा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी एकाच वारंवारतेवर जोडलं गेलं. पुढे आहेरवाडी–फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. दक्षिण सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट, कुठेही मोजणीला जा, एखादी मोठी लाइन आडवी येतेच. तिच्याखालचं रान मोजायचं नाही असं म्हणून आपलं काम चालणार नाही.

आधी विजेचं बघू. तारेतल्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ. जीपीएसचा एल-१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, एल-२ १२२७.६० वर, एल-५ ११७६.४५ वर. आपल्या देशी उपग्रह यंत्रणेचा, नाविकचा, एल-५ सुद्धा याच ११७६.४५ वर आहे. ५० हर्ट्झ आणि एल-१ यांच्यात तीन कोटी पटींहून जास्त फरक आहे. रिसीव्हरच्या अँटेनातले फिल्टर आपल्या पट्ट्याबाहेरचं काही आत घेत नाहीत, त्यामुळे तारेभोवतीचं ५० हर्ट्झचं क्षेत्र कितीही जोरदार असलं तरी त्या मोजणीत शिरत नाही.

मग शंका राहते ती करोनाची. श्रावणातल्या दमट संध्याकाळी मोठ्या लाइनखाली उभं राहिलं की चर्रर्र असा आवाज येतो, तो करोना. तारेच्या पृष्ठभागालगतची हवा आयनीभूत होते आणि तिथून रेडिओलहरींचा गोंगाट निघतो. मीडियम वेव्हवर रेडिओ लावला तर तो स्पष्ट ऐकू येतो. शेतकऱ्यांचा हा अनुभव खरा आहे आणि "मशीन चुकतं" हा समज तिथूनच आला असणार. पण वारंवारता वाढेल तसा हा गोंगाट झपाट्याने विरत जातो. वीस-तीस मेगाहर्ट्झच्या पलीकडे त्यात फारसा जोर उरत नाही आणि हजार मेगाहर्ट्झच्या वर, जिथे उपग्रह बोलतात, तिथे तो मोजण्याइतकाही नसतो. उपग्रहाचा सिग्नल अतिशय क्षीण असतो हे मी विसरलेलो नाही. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून निघालेला तो सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा एका वॉटचे कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, इतकीच ताकद त्यात असते. तरीही करोना त्याला बुडवू शकत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या दोन अभियंत्यांनी तारांखालच्या जीपीएसचा नेमका हाच प्रश्न तपासला होता आणि त्यांचा निष्कर्षही तारांमुळे अडथळा येण्याची शक्यता नाही, असाच निघाला.

तारांची सावली पडत असेल का? ७६५ केव्हीला प्रत्येक फेजला चार किंवा सहा तारांचा जुडगा असतो आणि एकेक तार तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीची. एल-१ ची तरंगलांबी १९ सेंटीमीटर. डोक्यावर पंधरा मीटर उंचीवर तार असेल तर त्या उंचीला, तुमच्या अँटेनाकडे येणाऱ्या लहरीचा जो पट्टा महत्त्वाचा असतो तो जवळजवळ साडेतीन मीटर रुंद असतो. त्यात या तारा फार थोडी जागा अडवतात. एखादा उपग्रह नेमका जुडग्यामागे आला तर त्याची पातळी क्षणभर थोडी उतरते आणि तो पुढे सरकला की पूर्ववत होते. आजचा रोव्हर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू मिळून तीसएक उपग्रह पाहतो. त्याला याचं काही वाटत नाही. दोन टॉवरच्या मधोमध, म्हणजे दोघांपासून दीड-पावणेदोनशे मीटरवर, तारेखाली घेतलेला बिंदू आणि मोकळ्या रानातला बिंदू यांच्यात टोटल स्टेशनने, म्हणजे प्रकाशकिरणाने अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने, अंतर तपासून पाहा. माझ्या अनुभवात हा फरक रोव्हरच्या नेहमीच्या एक-दोन सेंटीमीटरांच्या बाहेर जात नाही.

पण उपग्रहांच्या दृष्टीने जी जागा सर्वांत चांगली, तिथेच तार झोल खाऊन सर्वांत खाली आलेली असते. अचूकतेचं पुढे बोलू, आधी हे नीट वाचा.

७६५ केव्हीची तार पुष्कळ उंच असते, खरी भीती बांधावरच्या ११ केव्हीची आहे. रस्ता सोडून शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेखाली नियमाने किमान ४.६ मीटर मोकळी जागा हवी, ३३ केव्हीला ५.२ मीटर. प्रत्यक्षात खांब कललेला, ताण सैल झालेला, बांधावर माती चढलेली असते आणि तार नियमापेक्षा खाली आलेली असते. आता आपल्याकडचा ऊस डोळ्यांसमोर आणा. दहा-अकरा महिन्यांचा ऊस तीन मीटरच्या वर जातो. त्यात रोव्हरला आकाश मिळत नाही म्हणून मुलं पोल लांबवून साडेतीन-चार मीटरवर नेतात, वर रिसीव्हर असतोच. पाचटातून चालताना नजर पायाखाली आणि पोल सरळ आहे का ते दाखवणाऱ्या बबलवर असते, वर कोणी बघत नाही. पोल कार्बन फायबरचा आहे म्हणून तो सुरक्षित आहे असं अनेकांना वाटतं. कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. ॲल्युमिनियमचा पाच मीटरचा लेव्हलिंग स्टाफ तर धातूच आहे. आणि उच्च दाबाच्या तारेला टेकावंच लागतं असं नाही, पुरेसं जवळ गेलं की ठिणगी हवेतून येते.

म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: ११ किंवा ३३ केव्हीच्या तारेखाली पोल दोन मीटरच्या वर न्यायचा नाही. ऊस उभा असेल तर ती हद्द तोडणीनंतर मोजायची, किंवा दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेतून टोटल स्टेशनने. अगदी नाइलाज असेल तर महावितरणच्या लाइनमनला आधी भेटून फीडर बंद करून घ्यायचा आणि तो बंद झाल्याचं त्याच्याकडूनच ऐकायचं. शेतकऱ्याने "आत्ता लाइट नाही, घ्या उरकून" म्हटलं म्हणून पोल वर करायचा नाही. शेतीपंपाचा पुरवठा कोणत्या क्षणी चालू होईल हे त्यालाही माहीत नसतं. तारेची उंची मोजायची असेल तर स्टाफ उभा करू नका. टोटल स्टेशनमध्ये आरईएम, म्हणजे लांबून उंची मोजायची सोय, असतं, तारेच्या बरोबर खाली जमिनीवर प्रिझम ठेवून वर तारेवर रोख धरला की उंची मिळते.

मोठ्या लाइनखाली आणखी एक गोष्ट जाणवते. द्राक्षबागेच्या मांडवाची तार किंवा डाळिंबाच्या बागेचं काटेरी कुंपण लाइनला समांतर लांबवर गेलेलं असेल तर त्यात प्रेरणाने व्होल्टेज येतं आणि हात लागला की झिणझिण्या बसतात. पोलचाही कधी झटका बसतो. त्याचा आकड्यांशी संबंध नाही, पण दचकून पोल हातातून सुटतो किंवा माणूस पडतो. अशा तारांना हात लावू नका, आणि तिथे पोलादी टेप ओढू नका, फायबरग्लासचा वापरा.

आता ११ केव्हीची दुसरी बाजू. लहान लाइनवर बांधणीची तार ढिली झालेली असते, पिन इन्सुलेटर तडकलेला असतो, वर धूळ बसलेली असते. अशा फटीत बारीक ठिणग्या उडत राहतात. त्यांचा गोंगाट करोनापेक्षा पुष्कळ वरच्या वारंवारतेपर्यंत, थेट यूएचएफपर्यंत, म्हणजे शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत, जातो. उपग्रहाच्या पट्ट्यापर्यंत तोही नावापुरताच पोचतो. पण तुमचा स्वतःचा बेस रेडिओ ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत असतो, त्याच्या वाटेत मात्र हा गोंगाट येतो. रोव्हरला उपग्रह छान दिसतात, फक्त करेक्शन तुटक येतं आणि फिक्स (सेंटीमीटरचा पक्का आकडा) जाऊन फ्लोट (कच्चा आकडा) होतो. म्हणजे ७६५ केव्हीखाली बिनघोर चालणारा रोव्हर बांधावरच्या साध्या खांबाशी अडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की वीज उपग्रह तोडते. ओळखायची खूण अशी की ठिणग्यांचा गोंगाट कोरड्या उन्हाळ्यात जोरात असतो आणि पावसाने सगळं भिजलं की बहुधा थांबतो. करोनाचं याच्या उलट, तो पावसात वाढतो.

इलाज सोपा आहे. बेसच्या रेडिओचा अँटेना उंच करा, बेस जवळ आणा, किंवा रेडिओ सोडून सिमवरून करेक्शन घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्सचं, म्हणजे कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांचं, जाळं महाराष्ट्रात आहे, भूमी अभिलेख खात्याची रोव्हर मोजणीही त्यावर चालते. मात्र वाड्या-वस्त्यांवर मोबाईलची रेंजच नसेल तर तोच त्रास वेगळ्या रूपात येतो. म्हणून करेक्शनचं वय हातातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर सतत दिसेल असं ठेवा. ते एक-दोन सेकंद असायला हवं. पाच-दहाच्या वर चढायला लागलं की दोष दळणवळणाचा आहे. आकाशात शोधत बसू नका.

उरला टॉवर. तुमच्या मोजणीत जिवाचा प्रश्न ११ केव्हीशी आहे आणि आकड्याचा प्रश्न इथे आहे.

विजापूरच्या गोल घुमटात हाक मारली की तीच हाक भिंतींवरून पुन्हा पुन्हा कानावर येते आणि मूळची कुठली, परतलेली कुठली हे कळेनासं होतं. टॉवरजवळच्या अँटेनाचं तसंच होतं. उपग्रहाचा सिग्नल सरळ येतो आणि टॉवरच्या पोलादी अँगलांवर आपटूनही येतो. आपटून आलेला थोडा जास्त अंतर चाललेला असतो. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि रिसीव्हर जे अंतर मोजतो ते ना सरळ वाटेचं असतं ना वळलेल्या. याला आपण मल्टिपाथ म्हणतो. कोडवर चालणाऱ्या साध्या जीपीएसमध्ये ही चूक मीटरांत जाते. आरटीकेत, म्हणजे बेसच्या करेक्शनवर चालणाऱ्या या रोव्हर पद्धतीत, आपण लहरीची फेज मोजतो, तिथे एका उपग्रहाच्या मोजमापात ती तरंगलांबीच्या पावपट, म्हणजे एल-१ वर पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास थांबते. हे ऐकून हायसं वाटू देऊ नका. परावर्तित सिग्नलांनी आकडे गढूळ झाले की रिसीव्हरचा पूर्ण लहरींचा हिशोबच चुकू शकतो. मग तो चुकीच्या पूर्णांकावर ठाम होतो, स्क्रीनवर "फिक्स" लिहून येतं, खाली अचूकता ०.०१२ मीटर दिसते, आणि बिंदू प्रत्यक्षात वीस-तीस सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त सरकलेला असतो. मला या खोट्या फिक्सची सर्वांत जास्त काळजी वाटते. फ्लोट दिसला तर माणूस सावध होतो. खोट्या फिक्सवर लोक दगड पुरून मोकळे होतात.

दूर किती राहायचं याचा अंदाज टॉवरच्या उंचीवरून बांधा. टॉवर पन्नास मीटरचा धरला तर पन्नास मीटरवर उभं राहिल्यावर त्याचं टोक क्षितिजापासून ४५ अंशांवर दिसतं. वीस मीटरवर ते ६८ अंशांवर जातं आणि पंधरा मीटर रुंदीचा पाया आकाशाचा चाळीसएक अंशांचा पट्टा व्यापतो. तुमच्या दगडावर, बारा मीटरवर, टॉवर जवळजवळ डोक्यावरच येतो. टॉवर जाळीचा असल्याने सिग्नल पूर्ण अडत नाही, आरपार येतो, पण फुटून येतो. गढूळ सिग्नल येण्यापेक्षा तो अजिबात न आलेला परवडतो, कारण न आलेला हिशोबात धरला जात नाही.

दिशाही महत्त्वाची आहे आणि ती फार कमी लोक बघतात. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, ते त्याहून उत्तरेला जातच नाहीत. सोलापूर साडेसतरा-पावणेअठरा अंश अक्षांशावर. हिशोब केला तर आपल्या थेट उत्तरेला, क्षितिजापासून चाळीस अंशांपर्यंतच्या आकाशात जीपीएसचा उपग्रह कधी येत नाही. ग्लोनासची कक्षा जास्त कललेली असल्याने त्याचे उपग्रह उत्तरेला तीस अंशांपर्यंत उतरतात, बस. म्हणजे टॉवर तुमच्या उत्तरेला असेल तर तो बराचसा रिकामंच आकाश झाकतो. दक्षिणेला, पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर भरलेलं. तुमचा दगड ईशान्य कोपऱ्यात आणि टॉवर आतल्या बाजूला, म्हणजे दगडाच्या नैर्ऋत्येला. ही वाईट बाजू आहे. त्या दगडावर रोव्हरचा आकडा एकट्याच्या जोरावर धरू नका.

मग खोटा फिक्स पकडायचा कसा? जागेवर पाच सेकंदांऐवजी तीस सेकंद उभं राहून नाही. मल्टिपाथची चूक मिनिटामिनिटाने हेलकावे घेते आणि लोखंड जितकं जवळ तितके हे हेलकावे संथ. अर्ध्या मिनिटाची सरासरी काढली तर एकाच हेलकाव्याच्या एका टोकाची सरासरी मिळते. आधी रिसीव्हरला फिक्स सोडायला लावा आणि नव्याने घ्या. मग दुसऱ्या कामाला लागा आणि दोन-तीन तासांनी, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, पुन्हा त्या बिंदूवर या. दोन्ही आकडे दोन सेंटीमीटरच्या आत जुळले तर विश्वास धरायला जागा आहे. यात एक खाच आहे. जीपीएसचे उपग्रह २३ तास ५६ मिनिटांनी आकाशात त्याच जागी परत येतात. आज सकाळी दहाला घेतलेला बिंदू उद्या सकाळी दहाला तपासलात तर जीपीएसपुरता तोच टॉवर त्याच उपग्रहांना त्याच कोनातून तसाच बिघडवतो. दोन चुकीचे आकडे एकमेकांशी सुंदर जुळतात आणि आपली खात्री पटते. दुसऱ्या दिवशी जायचंच असेल तर वेळ बदलून जा.

आता संध्याकाळचं. उन्हाळ्यात दुपारी रानात उभं राहवत नाही, म्हणून काम उन्हं उतरल्यावर सुरू होतं आणि अंधार पडेपर्यंत चालतं. सूर्यास्तानंतर तास-दीड तासात फिक्स जायला लागतो, एकदम पाच-सहा उपग्रह गळतात, परत येतात, पुन्हा गळतात. डोक्यावर तार असेल तर दोष तिच्यावर जातो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात रात्र पडल्यावर आयनोस्फिअरमध्ये विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. त्यातून येणारा सिग्नल लुकलुकतो. सोलापूर या पट्ट्यात आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने यासाठी वाईट, आणि सूर्यावरचे डाग वाढलेले असतात त्या वर्षांत जास्तच. सूर्याच्या चालू आवर्तनाचा कळस २०२४ च्या सुमारास होता, त्यामुळे अलीकडे या तक्रारी वाढल्या यात नवल नाही. तारेपासून अर्धा किलोमीटर लांब जा, तीच गत असेल. यावर उपाय एकच, महत्त्वाचे बिंदू सकाळी घ्या. बेस पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर भर दुपारही टाळा, दोनच्या सुमारास आयनोस्फिअर सर्वांत दाट असतं आणि बेस-रोव्हरमधला फरक वाढतो.

ही कारणं ओळखायला कंट्रोलरवरचं उपग्रहांचं पान उघडा, जिथे प्रत्येकाची सिग्नल पातळी डेसिबल-हर्ट्झमध्ये दिसते. डोक्यावरच्या उपग्रहांची पातळी मोकळ्या रानात चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असते. एकाच दिशेचे उपग्रह पडलेले दिसले तर तो आडोसा, टॉवर किंवा झाड. काही उपग्रहांची पातळी संथपणे खाली-वर होत असेल तर मल्टिपाथ. सूर्यास्तानंतर निरनिराळ्या दिशांचे उपग्रह झपाझप लुकलुकत असतील तर आयनोस्फिअर. पातळ्या उत्तम आणि करेक्शनचं वय वाढतंय, तर रेडिओ किंवा सिम. आणि सगळ्याच उपग्रहांची पातळी एकाच वेळी सारखी खाली बसली असेल तर जवळपास कुठला तरी रेडिओ खरोखर त्या पट्ट्यात गोंगाट करतोय. अशा वेळी टॉवरवर मोबाईलचे अँटेना बसवलेले आहेत का ते बघा, आणि तुमचा बेस रेडिओचा अँटेना रिसीव्हरला चिकटून तर उभा केलेला नाही ना हेही बघा. ही शेवटची तऱ्हा दुर्मीळ आहे, पण लोक "तारेमुळे" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हीच असते.

तुमच्या शेतात मी काम असं करीन. टॉवरपासून शंभर मीटरच्या पलीकडे, एकमेकांना दिसतील असे दोन बिंदू मोकळ्या रानात ठोकीन, त्यांच्यामधलं अंतर त्याहूनही जास्त ठेवीन. दोन्ही सकाळच्या वेळी रोव्हरने घेईन आणि दोन तासांच्या अंतराने पुन्हा घेईन. मग टोटल स्टेशन एकावर लावून दुसऱ्याचं अंतर तपासीन. दीड-दोन सेंटीमीटरच्या आत जुळलं की तिथून कोपऱ्यातला दगड आणि टॉवरचे चारही पाय प्रिझमने घेईन. टोटल स्टेशन प्रकाशावर चालतं, तारेचा त्यावर परिणाम नाही. फक्त सोलापूरच्या उन्हात दहानंतर काळ्या रानावरून हवा थरथरायला लागते आणि प्रिझम नाचतो, म्हणून तेही काम लवकर उरकावं. पाठीमागचा रोख लांबचा आणि पुढचा जवळचा राहील असं बघा, नाहीतर दिशेतली बारीक चूक कोपऱ्यावर मोठी होते. टोटल स्टेशन नसेल तर मोकळ्या जागेतल्या दोन रोव्हर बिंदूंवरून टेपने अंतरं धरा, दोन्ही टेप दगडाशी साधारण काटकोनात मिळतील असे, आणि तिसऱ्या बिंदूवरून पडताळा.

मधल्या तारेखालचे बांधाचे बिंदू रोव्हरने बेलाशक घ्या. टिल्टवर पोल वाकवून घेण्याची सवय असेल तर आपलं उपकरण कोणत्या पिढीचं आहे ते आधी बघा. जुन्यांत दिशा चुंबकीय होकायंत्रावरून येते आणि लोखंडाजवळ ती फिरते. नव्या आयएमयूवाल्यांना, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर चालणाऱ्यांना, तो त्रास नाही. टॉवरजवळ मी तरी बबल मधोमध ठेवूनच काम करतो. ड्रोनचं होकायंत्रही टॉवरजवळ बहकतं, शिवाय तारेला पाते लागण्याचा धोका आहेच, म्हणून उड्डाण लाइनच्या पट्ट्याबाहेरून ठेवा.

टॉवरच्या पायांचा आग्रह मी का धरतोय तेही सांगतो. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॉवरच्या पायांनी वेढलेल्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदल्याची तरतूद आहे. ७६५ केव्हीचा पट्टा ६४ ते ६७ मीटर रुंद असतो. म्हणजे एका शेतात सर्वांत मोलाची जागा तीच, जिथे उपग्रहाचा आकडा सर्वांत कच्चा. हद्द दोनशे मीटरच्या बांधावर दहा सेंटीमीटर सरकली तर वीस चौरस मीटर जातात, एक पंचमांश गुंठा. ज्याचं रान आधीच टॉवरने अडलंय त्याच्यासाठी हे थोडं नाही.

लगतच्या खातेदाराचं बोलणं उडवून लावू नका. त्याचं कारण चुकीचं असलं तरी शंका योग्य जागी आहे. त्याला बरोबर घेऊन तारेच्या मधोमध एक खूण करा, तिच्यावर रोव्हर लावा, मग तीच खूण टोटल स्टेशनने घेऊन दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा. नंतर टॉवरजवळच्या दगडावरही तेच करा आणि फरक आला तर तोही लपवू नका. त्याला हेही सांगा की वादाचं मूळ पुष्कळदा रोव्हरमध्ये नसतं. जुना नकाशा १:५००० चा असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. म्हणून हद्द बसवताना टिपण, फाळणी ही जुन्या मोजणीची कागदपत्रं, जागेवरच्या जुन्या खुणा आणि वहिवाट बघावी लागते, ते काम कुठलंही उपकरण करून देत नाही.

अहवालात प्रत्येक बिंदूसमोर तो कशाने घेतला ते लिहा: रोव्हर की टोटल स्टेशन, तारीख, दोन्ही वेळचे आकडे आणि त्यांच्यातला फरक, टॉवरपासूनचं अंतर आणि दिशा. कोपऱ्यातल्या दगडासमोर "टॉवरलगत असल्याने टोटल स्टेशनने निश्चित" असा स्पष्ट शेरा घाला. उद्या कोणी फेरमोजणी मागितली तर पुढच्या भूकरमापकाला तुमचे दोन मोकळ्या रानातले बिंदू सापडले पाहिजेत, तेव्हा ते बांधावर पक्क्या खुणेने ठोका, त्यांचे अंक नकाशावर द्या आणि दोन्ही खातेदारांच्या सह्या घ्या.